रायपूरच्या उन्हात रायचा काळा पाव

मे महिन्यात रायपुरात भर दुपारी नळ सोडला की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी असं तापून येतं की हात पटकन मागे घ्यावा लागतो. तेच पाणी ब्रेड मेकरच्या भांड्यात ओतून बटण दाबलं, तर चार तासांनी मधोमध खड्डा पडलेला पाव हाती येतो. डिसेंबरात नेमकं उलटं. पहाटे १२-१३ अंश, पीठ गार, पाणी गार, आणि यंत्राची वेळ संपली तरी पाव भांड्याच्या तळाशी दडून बसलेला. पाककृती तीच असते, यंत्रही तेच असतं. ब्रेड मेकर आपलं वेळापत्रक सोडत नाही: इतकी मिनिटं मळायचं, इतका वेळ फुगू द्यायचं, इतका वेळ भाजायचं. आत पीठ कोणत्या अवस्थेत आहे याची त्याला खबर नसते. पीठ त्या वेळापत्रकात बसवण्याचं काम आपलं, आणि राय या धान्याच्या बाबतीत ते जरा जास्तच जपून करावं लागतं.

चौबे कॉलनी असो, तात्यापारा असो की शंकरनगर, मुलगा-सून किंवा लेक-जावई जर्मनीत असलेली मराठी घरं आता नवलाची नाहीत. सुट्टीत आलेल्या मंडळींना चार दिवस पोळी-भाजीचं कौतुक असतं, पाचव्या दिवशी तिकडच्या काळ्या पावाची आठवण निघते. इथल्या दुकानात ‘ब्राउन ब्रेड’ मिळतो, पण त्याचा पुष्कळदा रंगच तेवढा ब्राउन असतो. वेष्टनावरची घटकांची यादी वाचली तर पहिलं नाव मैद्याचं आणि शेवटी कुठे तरी कॅरॅमलचा रंग दिसतो. तेव्हा पाव घरीच करायचा. यंत्र नसेल तर इथेच घ्या. ‘केंट’सारख्या कंपन्यांचे आपल्या विजेवर चालणारे ब्रेड मेकर मिळतात. अमेरिकेतून कुणी जुनं यंत्र आणून देत असेल तर मागची पट्टी आधी वाचा. तिथे ११० किंवा १२० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये ते लावताच जळेल, आणि ट्रान्सफॉर्मरचा खर्च करण्यापेक्षा नवं यंत्र परवडतं.

हे यंत्र मुळात गव्हासाठी घडवलेलं आहे, हे ध्यानात असलेलं बरं. १९८५च्या सुमारास जपानमध्ये ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीत, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकमध्ये, घरगुती ब्रेड मेकर तयार करण्याचा खटाटोप चालू होता. पीठ काही केल्या नीट मळलं जाईना. यंत्राने मळलेल्या आणि हाताने मळलेल्या पिठाचे क्ष-किरण फोटो काढूनही उलगडा झाला नाही. मग इकुको तानाका ही सॉफ्टवेअरवर काम करणारी तरुणी ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरच्या हाताखाली शिकायला गेली. बेकर पीठ नुसतं मळत नाही, ते पिळत-पिळत ताणतो, हे तिच्या लक्षात आलं. त्यावरून भांड्याच्या आतल्या बाजूला खास कंगोरे बसवले गेले आणि १९८७मध्ये यंत्र बाजारात येऊन धडाक्याने खपलं. आज तुमच्या ओट्यावरच्या यंत्राचं भांडं आतून पाहिलंत तर बहुधा तसाच एखादा कंगोरा दिसेल.

पण ताणायचं काय, तर गव्हातलं ग्लुटेन. रायमध्ये ग्लुटेन घडवणारी प्रथिनं आहेत, मात्र त्यांची जाळी नीट विणली जात नाही. रायच्या पिठाला धरून ठेवतात ती पेंटोसॅन नावाची चिकट द्रव्यं. ती आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी शोषतात. म्हणून रायच्या पिठाला पाणी जास्त लागतं, ते हाताला चिकटतं, आणि फार मळलं तर सुधारत नाही, उलट आणखी चिकट होतं. त्यात या पिठात अमायलेज हे विकर जोरकस असतं. भाजताना पिठातला स्टार्च फुलू लागतो, त्याच वेळी हे विकर त्याचे तुकडे पाडत सुटतं आणि पावाच्या पोटात चिखल होतो. त्यावर उत्तर युरोपातल्या बायकांनी शतकानुशतकं एकच उपाय केला, तो म्हणजे आंबटपणा. आंबलेल्या पिठात अमायलेज मंदावतं. रायचा पाव आंबट असतो तो केवळ चवीसाठी नाही. आंबटपणाशिवाय तो धड भाजला जात नाही. ज्या मुलखात रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी बोरे-बासी म्हणून खाल्ला जातो, तिथे हे कुणाला पटवावं लागू नये.

आता रंग. रायचं पीठ काळं नसतं, राखाडी असतं. जर्मनीतल्या वेस्टफालिया भागातला खरा पुंपरनिकेल पाव बंद साच्यात मंद आचेवर किमान १६ तास भाजतात. साखर आणि प्रथिनं हळूहळू एकमेकांत मुरून तो काळा-तपकिरी होतो. आपलं यंत्र तासभर भाजतं, तेवढ्यात तो रंग येणं शक्य नाही. त्यामुळे घरच्या पावाला रंग बाहेरून द्यावा लागतो. अमेरिकेतले बेकर त्यासाठी मळी, कोको आणि कॉफी घालतात. आपल्याकडे मळीपेक्षा सरस वस्तू आहे, काकवी. कवर्ध्याच्या बाजूला गुऱ्हाळं पुष्कळ आहेत. कुणी तिकडून येणार असेल तर हंगामात बाटलीभर मागवून ठेवा. नाहीच मिळाली तर ३५ ग्रॅम काळा गूळ चमचाभर गरम पाण्यात विरघळवून गाळून घ्या. रशियातल्या बोरोदिन्स्की पावात चक्क धने असतात, हे आपल्याकडच्यांना ऐकून गंमत वाटते. जर्मन पावात शहाजिरं असतं. दोन्ही आपल्या मसाल्याच्या डब्यात आहेत.

रायचं पीठ ऑनलाइन मागवावं लागेल. गोलबाजारात ‘राय का आटा’ मागितलात तर दुकानदार मोहरीकडे हात नेईल. पुडा लहानच घ्या. अख्ख्या रायच्या पिठात कोंब आणि कोंडा असतो, त्यामुळे ते लवकर खवट होतं, आणि पावसाळ्यात त्याला जाळी धरायला वेळ लागत नाही. पुडा फोडला की घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. यीस्ट ‘इन्स्टंट’ घ्या. बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात अर्ध्या किलोची पाकिटं स्वस्त पडतात, पण एका घरात ती लवकर संपत नाहीत. दोन-तीन घरांत वाटून घ्या आणि आपला वाटा फ्रीजरमध्ये ठेवा. ग्लुटेनची पूड हीदेखील मागवून ठेवण्यासारखी वस्तू आहे, कारण आपला मैदा परदेशी ‘ब्रेड फ्लावर’च्या मानाने प्रथिनांत कमी पडतो. मैद्याऐवजी सगळी कणीक घालू नका. चक्कीवरच्या कणकेतला कोंडा आणि रायचा कोंडा एकत्र आले की पाव विटेच्या वळणावर जातो.

सुरुवात करायला हे प्रमाण घ्या. पाऊण किलोच्या आसपासचा पाव होतो. पाणी २४० मिली, आंबट दही ६० ग्रॅम, तेल २० ग्रॅम, काकवी ४० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम. त्यावर मैदा २५० ग्रॅम, रायचं पीठ १५० ग्रॅम, ग्लुटेन १२ ग्रॅम, बिनसाखरेचा कोको १२ ग्रॅम, इन्स्टंट कॉफी एक चहाचा चमचा, शहाजिरं दोन चमचे, जाडसर कुटलेले धने एक चमचा. शेवटी पिठात खळगा करून त्यात इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम. पातळ पदार्थ खाली, पीठ वर, यीस्ट सगळ्यांत वर आणि मिठापासून लांब, हा क्रम बहुतेक यंत्रांना चालतो. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत उलटा सांगितला असेल तर पुस्तिकेचं ऐका. वाटी-चमच्याच्या मापावर विसंबू नका. दाबून भरलेल्या वाटीत आणि सैल भरलेल्या वाटीत चांगलाच फरक पडतो, आणि रायला तो फरक चालत नाही. डिजिटल वजनकाटा ही या कामातली यंत्राखालोखाल गरजेची वस्तू आहे.

पाण्याचं तापमान हा रायपुरातला कळीचा मुद्दा. मळून झालेलं पीठ २७ अंशांच्या आसपास असावं असं धरू. बेकर लोक साधा हिशोब करतात: हव्या असलेल्या तापमानाची तिप्पट, त्यातून पिठाचं तापमान वजा, खोलीचं वजा, आणि मळताना घर्षणाने वाढणारी उष्णता वजा. उरेल ते पाण्याचं तापमान. घर्षणाचे १० अंश धरा. मे महिन्यात स्वयंपाकघर ३६, पीठही ३६. म्हणजे ८१ वजा ३६ वजा ३६ वजा १०, उत्तर येतं उणे एक. तात्पर्य, बर्फ घालावा लागणार. २४० मिलीतला थोडा भाग बर्फाच्या चुऱ्याचा असू द्या (वजन करून घाला, नाहीतर पाणी जास्त होईल), पीठ आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवा आणि यीस्ट ५ ऐवजी साडेतीन ग्रॅमवर आणा. बर्फाचे मोठे खडे टाकू नका, पात्यावर आणि भांड्याच्या लेपावर आपटतात. जानेवारीत स्वयंपाकघर आणि पीठ १८ वर असेल तर हाच हिशोब ३५ अंश सांगतो, म्हणजे मनगटावर थेंब टाकला तर जेमतेम कोमट लागेल असं पाणी. याहून गरम करण्याचा मोह टाळा. ५५-६० अंशांच्या पुढे यीस्ट मरतं. पावसाळ्यात पीठच हवेतली ओल पितं, तेव्हा पाणी १०-१५ मिलीने कमी घ्या.

आणि ‘डिले टायमर’. रात्री सगळं भरून ठेवायचं, सकाळी ताजा पाव. जाहिरातीत छान दिसतं. दही घातलेलं मिश्रण आपल्या उन्हाळी रात्री सहा-सात तास तसंच ठेवणं मला तरी मान्य नाही. थंडीत पाहिजे तर करा.

यंत्र चालू केल्यावर पहिली दहा मिनिटं तिथून हलू नका. इथेच पाव घडतो किंवा बिघडतो. झाकण उघडलं की यंत्र बिघडतं अशी समजूत आहे. मळणी चालू असताना झाकण उघडायला काही हरकत नाही, फुगताना आणि भाजताना मात्र नको. सिलिकॉनचा उलथना घेऊन कोपऱ्यात अडकलेलं कोरडं पीठ मध्ये ढकला, कारण रायचं चिकट पीठ भांड्याच्या कडेला धरून बसतं आणि पातं नुसतंच मधल्या मधे फिरतं. गव्हाच्या पावाचं पीठ गुळगुळीत गोळा होऊन फिरतं. इथे तसा गोळा दिसला तर पाणी कमी आहे, चमचा-चमचा करून वाढवा. पीठ थालीपिठासाठी भिजवलेल्या पिठाइतकं सैल हवं: आकार धरेल, पण बोटाला लागेल. अगदी पळीवाढं झालं तर चमचाभर मैदा टाका, त्याहून जास्त नको. रायचं पीठ पाणी सावकाश पितं, पाच मिनिटांनी ते आपोआप आवळतं.

प्रोग्रॅम कोणता? वरच्या प्रमाणात राय चाळीस टक्क्यांच्या आत आहे, त्यामुळे ‘होल व्हीट’ चालतो. साडेतीन ते चार तास घेतो. ‘रॅपिड’ला हातही लावू नका. पॅनासॉनिकच्या काही युरोपीय यंत्रांत रायसाठी वेगळा प्रोग्रॅम आणि दातेरी पातं येतं, ते असेल तर उत्तमच. मात्र होल व्हीट प्रोग्रॅममध्ये एक खोड आहे. पीठ एकदा फुगलं की यंत्र ते मध्येच खाली बसवतं आणि पुन्हा फुगू देतं. गव्हाला ते मानवतं. रायचं पीठ एकदा फुगून बसवलं की दुसऱ्यांदा तितक्या उमेदीने उठत नाही. म्हणून हात बसला की यंत्राचं वेळापत्रक मोडून टाका. ‘डो’ प्रोग्रॅमवर १२-१५ मिनिटं मळून घ्या, यंत्र बंद करा, पातं काढून टाका (तळाला मोठं भोक पडत नाही हा आणखी एक फायदा), ओल्या हाताने वरचा भाग सारखा करा, त्यावर थोडे धने भुरभुरवा आणि झाकण लावून वाट पाहा. मेमध्ये ४०-४५ मिनिटं पुरतात, जानेवारीत दीड-दोन तास लागतील. पीठ दुप्पट होण्याची वाट पाहू नका. दीडपट झालं आणि पृष्ठभागावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसू लागली की लगेच ‘बेक’ प्रोग्रॅम, ६० ते ६५ मिनिटं. यंत्र ६० वर थांबत असेल तर पुन्हा पाच मिनिटं लावा. खुपसण्याचा थर्मामीटर असेल तर पावाच्या पोटात ९६ ते ९८ अंश भरायला हवेत. कोकोमुळे रंग आधीच गडद असतो, तेव्हा वरून बघून भाजल्याचा अंदाज बांधू नका.

या पद्धतीने राय हळूहळू वाढवता येते, २०० ग्रॅम, मग २४०. तिथून पुढे नुसतं दही पुरत नाही, पीठच आंबवावं लागतं. रायचं सगळं पीठ, तेवढंच पाणी आणि दही स्टीलच्या भांड्यात कालवून झाकून ठेवा. थंडीत रात्रभर; उन्हाळ्यात चार-पाच तासांत बुडबुडे आणि आंबूस वास आला की फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी ते यंत्रात घालून एकूण पाण्यातून तेवढं पाणी वजा करा. उन्हाळ्यात फ्रिजमधलं हे गार आंबवण बर्फाचंही काम करतं.

मध्येच वीज गेली तर? मळणी किंवा फुगण्याच्या वेळी गेली तर काही बिघडत नाही. पीठ तसंच राहू द्या, उन्हाळ्यात भांडं उचलून फ्रिजमध्ये ठेवा, वीज आल्यावर राहिलेली मळणी पुरी करा आणि पीठ फुगलं की ‘बेक’ लावा. भाजताना गेली आणि दहा-पंधरा मिनिटांत आली तर उरलेला वेळ मोजून पुन्हा लावा. त्याहून जास्त वेळ गेली तर तो पाव पुढे कापून टोस्ट करून खावा, धड पाव म्हणून त्याची आशा सोडावी.

भाजून झालेला पाव भांड्यात ठेवू नका; वाफ आत कोंडून कड ओली होते. जाळीवर काढा आणि, हे सगळ्यांत अवघड आहे, दुसऱ्या दिवसापर्यंत कापू नका. रायच्या पावाचं पोट थंड होताना आणि नंतर कित्येक तास घट्ट होत जातं. गरम असताना सुरी घातली तर पात्याला लगदा लागतो आणि पाव कच्चा राहिला असं वाटून पुढच्या खेपेला आपण उगाच पाणी कमी करतो. पूर्ण गार झाल्यावर सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि दातेरी सुरीने पातळ कापा. चौकोनी पावाच्या स्लाइससारखे जाड तुकडे याला शोभत नाहीत.

उंचीबद्दल कुरकुर करू नये. मैद्याच्या पावाच्या दोन तृतीयांश उंची आली तर पाव जमला. मधोमध खचला असेल तर बहुतेक वेळा तो जास्त फुगून गेलेला असतो. यीस्ट कमी करा, पाणी गार करा, आणि मीठ विसरला नव्हतात ना हेही आठवून पाहा, कारण यीस्टला लगाम मिठाचाच असतो. दुसऱ्या दिवशीही पोट चिकट असेल तर आंबटपणा वाढवा किंवा पाच-दहा मिनिटं जास्त भाजा.

एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत आणखी एक गोष्ट सांभाळायची. घरच्या पावात टिकाऊपणाची रसायनं नसतात, आणि तीस अंशांच्या वर एका जातीचे जिवाणू, जे भाजूनही बीजरूपात तग धरतात, पावाच्या पोटात वाढू लागतात. पावाला पिकून उतरलेल्या खरबुजासारखा वास येतो आणि तुकडा ताणला तर तार सुटते. असा पाव टाकून द्यायचा, भाजून खायचा नाही. आंबट पावात हे जिवाणू सहसा वाढत नाहीत, म्हणून उन्हाळ्यात दही कमी करू नका. हवं तर चमचाभर व्हिनेगर घाला. दोन दिवसांत संपणार नाही तेवढा पाव कापून फ्रीजरमध्ये टाका. लागेल तसे तुकडे काढून थेट तव्यावर.

हा पाव ‘हेल्दी’ म्हणून मधुमेही माणसापुढे ढीग करून ठेवू नका. जर्मन पुंपरनिकेलने साखर सावकाश चढते, कारण त्यात रायचे अख्खे-अर्धे दाणे असतात. आपल्या पावात बारीक पीठ, अडीचशे ग्रॅम मैदा आणि काकवी आहे. तंतू साध्या पावापेक्षा जास्त, इतकंच म्हणता येईल. आणि ज्यांना सीलिअॅक रोग आहे त्यांना राय गव्हाइतकीच वर्ज्य आहे. ‘गहू नाही, राय आहे’ असं म्हणून त्यांना आग्रह करू नका.

राय मिळालीच नाही तर रायपूरकरांना हळहळायचं कारण नाही. मडिया, म्हणजे आपली नाचणी, ६० ग्रॅमपर्यंत आणि बाकी मैदा-कणीक निम्मी-निम्मी घेतली तर रंग आणि मातकट चव दोन्ही बऱ्यापैकी जवळ येतात. नाचणीत ग्लुटेन अजिबात नाही, त्यामुळे ६०च्या पुढे जाऊ नका, आणि पीठ यात गव्हाचं असल्यामुळे थोडं घट्ट चालेल. पावात मनुका घालतात तशी सुकी मोहफुलं घालून पाहण्यासारखी आहेत. आतले केसर काढून टाका, गरम पाण्यात भिजवून चिरा, ३० ग्रॅम पुरे. वास उग्र असतो, घरात सगळ्यांना आवडेलच असं नाही.

खायला लोण्याचा हात सैल ठेवा. वर काकडीच्या चकत्या आणि मीठ, किंवा पताल, म्हणजे टोमॅटोची चटणी. जॅम मला यावर नकोसा वाटतो.

शिळे झालेले टोकाचे तुकडे फेकू नका. जर्मन बेकर जुना पाव भिजवून नव्या पिठात मिसळतात, त्याने नवा पाव ओलसर राहतो आणि रंगही गडद येतो. ५० ग्रॅम वाळके तुकडे गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, घट्ट पिळा, कुस्करून पाण्याबरोबर भांड्याच्या तळाशी घाला आणि पाककृतीतलं पाणी २५-३० मिलीने कमी करा. बुरशीचा ठिपका दिसलेला तुकडा मात्र यात चालत नाही. आणि पातं, भांडं धुताना तारेची घासणी वापरू नका. पातं अडकलं असेल तर भांड्यात दहा मिनिटं कोमट पाणी ठेवलं की सुटतं.